चाळीस फुटांचं वर्तुळ

बुधवारी संध्याकाळी मी माळाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि ते माळाच्या मधोमध पडलं.

या माळाच्या चार कोपऱ्यांत चार खोकी पुरलेली आहेत. ती पावलं ऐकतात आणि बोलणंही ऐकतात. केबिनमध्ये डहाकेबाई चौघांची साक्ष एकत्र करून पडद्यावर ठिपका ठेवतात. ठिपका जिथे, माणूस तिथे. यंत्राला सराव व्हावा म्हणून दिवसभर माळावर चालायचं, ही माझी नोकरी.

चूक माझीच. निघताना सवयीनं बाईंना "येतो" म्हणालो. पावलं जात होती आणि शब्द येत होता. खोक्यांनी सगळं जुळवून पाहिलं आणि मला येणारा ठरवलं. त्यांना आपली रीत कोण शिकवणार?

बाईंनी माझ्याभोवती चाळीस फुटांचं वर्तुळ काढलं. त्यात मी नक्की कुठे आहे, ते यंत्राला सांगता येत नव्हतं, आणि मला त्याबाहेर पडता येत नव्हतं. गुरुवारी ते वीस फुटांवर आलं, शुक्रवारी तीन. अचूकता वाढतेय, असं बाई कौतुकानं सांगत होत्या. मी रात्रभर पाय दुमडून पडलो होतो आणि पार घाबरलो होतो.

माझी बायको कुमुद रोज डबा घेऊन कुंपणाबाहेर उभी राहायची. शनिवारी दुपारी वर्तुळ माझ्या दोन तळव्यांएवढं उरलं, तेव्हा ती आत आली.

"आता 'जातो' म्हणावं लागेल," मी म्हणालो.

"अहो, तसं म्हणू नये. मरणारं माणूस म्हणतं तसं."

"मग इथंच उभा राहू?"

 मला घरी जायचं होतं, तिच्यासमोर पाटावर बसून जेवायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. मी "जातो" म्हणालो.

पडद्यावरचा ठिपका विझला. मी फाटकाबाहेर उभा होतो आणि माझ्या पावलांचा आवाज होत नव्हता. कुमुदला हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही. ती धुळीत उमटलेल्या माझ्या दोन तळव्यांकडे बघत होती. तिनं त्यांच्याजवळ डबा ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि फाटकाकडे निघाली. काही बोलू नकोस, मुकाट्यानं बाहेर पड, असं मी घसा फुटेपर्यंत ओरडत होतो.

फाटकाशी ती थांबली आणि मागे वळून त्या तळव्यांना हळूच म्हणाली, "येते हं."

तिनं माझ्या दिशेनं पाऊल उचललं. केबिनमध्ये डहाकेबाई चाळीस फुटांचं नवं वर्तुळ काढत होत्या.