मुक्कामाच्या रात्रीची हजेरी

अंगणवाडीचं रजिस्टर मी वीस वर्षांत एक दिवस कोरं ठेवलं नाही. सुपरवायझर बाई येवो न येवो, हजेरीचा रकाना भरलेला पाह्यजे म्हणजे पाह्यजे. याच खोडीपायी आमच्या यायची, घरधन्याची, नोकरी जाता जाता राह्यली, हे पहिलेच सांगून टाकते.

आमचे हे म्हणजे जानराव, बुलढाणा डेपोत ड्रायव्हर. सव्वीस वर्षं लाल गाडी चालवून राह्यले, कोणाच्या कोंबडीलेही धक्का नाही. अन् मागच्या हिवाळ्यात राजूर घाटात भर दुपारी यायची पापणी लागली! चाक कच्च्यात उतरलं. नागसेन कंडक्टर बोंबलला म्हणून गाडी थांबली, नाही तं काय झालं असतं, नावही काढू नका.

त्यायचं घोरणं मले नवं नोतं. घोरता घोरता श्वास बंद पडे, मी अंथरुणात बसून मोजत राहो, मग हिसका देऊन सुरू होये. लग्न झाल्यापासून मी अशीच अर्धी जागी. घाटातल्या त्या प्रकारानंतर डेपोनं गाडीवरून उतरवून तपासणीले पाठोलं, तवा डॉक्टर सारिका मॅडमनं आजाराचं नाव सांगितलं अन् एक मशीन दिलं. नाकावर मास्क, मास्कले नळी, नळीतून हवा. रोज रात्री लावायचं, म्हणजे श्वास थांबत नाही अन् दिवसा डुलकी येत नाही. मशीनमधे एक कार्ड, त्यात सारं नोंदलं जाते. काही दिवसांनी गाडीवर चढायचा कागद भेटला, पण तात्पुरता. तीन महिन्यांनी कार्ड पाहून पक्का कागद, तवा स्टेअरिंग कायम.

घरी लावत बिचारे. पण हप्त्यातून दोन रात्री धाड गावी मुक्काम. शेवटची गाडी घेऊन जायचं, तिथंच झोपायचं, पहाटे पहिली गाडी काढायची. तिथं मशीन नेत नोते. म्हणत, "हत्तीवानी सोंड लावून झोपू काय चारचौघांत? हसतीन लोकं."

त्यात आमच्या लेकीनं, मयुरीनं, मोबाइलवर दाखवलं की आता अंगात बसवायचंही यंत्र निघालं हाये. झालं! यायले तेच पाह्यजे. "सोंड नाही, नळी नाही. कॉलरच्या हाडाखाली बसवलं की कोणाले दिसतही नाही."

"वा रे वा!" मी म्हटलं, "छातीले चिरा द्याले तयार, अन् नाकावर रबर लावाले लाज! धन्य हाये तुमची."

बोलली खरी, पण मुक्कामाच्या रात्री ते मशीन टेबलावर गप पडलेलं पाह्यलं की माहा जीव खालीवर होये. मॅडम कार्ड पाहतीन, खाडे दिसतीन, नोकरी जाईन. मग काय केलं? मीच लावला मास्क! मास्क मोठा, माहं तोंड लहान. हवा फुसफुस करत डोळ्यात जाये. पण सकाळी मशीनवर आकडा दिसला, पाच तास. हजेरी लागली! काय खुश झाली मी म्हणून सांगू. यायले कानोकान खबर नाही.

तीन महिने झाले, गेलो दवाखान्यात. यायनं बसल्या बसल्या मागणं घातलं, "मॅडम, ते आतलं यंत्र बसवून द्या."

मॅडम हसल्या नाहीत. नीट सांगितलं. "चांगलं आहे ते. त्याची तार जिभेच्या नसेपर्यंत जाते. झोपेत जीभ पुढे सरकते आणि श्वासाची वाट मोकळी राहते. पण ऑपरेशन आहे. काही वर्षांनी बॅटरी बदलायला पुन्हा चिरा. रोज झोपताना रिमोटने चालू करावं लागतं, विसरलात तर तेही बंदच. शिवाय प्रत्येकाच्या घशाला चालत नाही, आधी तपासावं लागतं. मनापासून मास्क लावूनही ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. तुम्हाला तर जमतोय."

मग त्या कॉम्प्युटरकडं पाहत राह्यल्या. "एक कोडं आहे. आठवड्यातल्या दोन रात्री हवा गळते, आणि श्वास मात्र एकदाही अडत नाही. या रात्री कोण झोपलं होतं?"

उशी बदलली होती, असं काहीतरी जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात हे माह्याकडं वळले. "रुख्मिणी, तू?"

मी मान खाली घातली. आता काय बोलतीन, मलेच बोल लावतीन, असं वाटलं. अन् खरं सांगते, त्यायनं मास्क जमत नाही म्हटलं असतं तं कोण पकडणार होतं? हवं ते यंत्रही भेटलं असतं.

पण ते उभे राह्यले. "मॅडम, त्या रात्री मी धाडले बिनमास्कचा झोपलो. अन् पहाटे गाडीभर लोकं घेऊन निघालो. हिची चूक नाही, लाज माही होती. मले कागद देऊ नका. महिनाभर गाडीवरून उतरवा. रोज लावतो, मग पाहा कार्ड."

सव्वीस वर्षांचा ड्रायव्हर स्वतःच्या हातानं स्टेअरिंग सोडत होता. माह्या डोळ्यांत पाणी आलं. अशा माणसाची बायको हाये मी, असं त्या दवाखान्यात ओरडून सांगावं वाटलं.

महिनाभर यायनं डेपोत हलकं काम केलं, विचारीन त्याले खरं कारण सांगितलं. दोन ड्रायव्हर गुपचूप तपासणीचा पत्ता घेऊन गेले. महिन्यानं मॅडमनं कार्ड पाह्यलं, एकही खाडा नाही. पक्का कागद हातात दिला.

त्याच हप्त्यात मी धाडले बहिणीकडं होती. पहाटे स्टँडवर आली तं नागसेन सांगे, "वहिनी, काल रात्री आपल्या ड्रायव्हर साहेबानं चहाच्या हॉटेलातल्या प्लगले मशीन लावलं. पाहाले गर्दी! एकानं विचारलं, हे काय बे? तं म्हणे, हा माहा दुसरा कंडक्टर. झोपेत श्वास अटकला की हाच डबल बेल मारते." हसले म्हणे सारे. पण हेही हसले.

मी नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. त्यायच्या गाडीत बसली की माही नजर समोरच्या आरशावर, त्यायच्या डोळ्यांवर. वर्षानुवर्षं हीच माही ड्युटी. त्या दिवशी आरशात पाह्यलं, डोळे लख्ख उघडे. धाड मागं पडलं, एवढंच आठवते.

"वहिनी, उठा, बुलढाणा आलं!" नागसेन हालवत होता. मी दचकून उठली. गाडी रिकामी झाली होती.

हे केबिनमधून मागं वळून मिश्कील हसत होते. "घोरत होती तू. साऱ्या गाडीनं ऐकलं."

पदर सावरला अन् ठणकावून म्हटलं, "घोरीन नाही तं काय! गाडी कोणाची हाये?"