टिकलीखालच्या कॅमेऱ्याचा सूड

मी कॅमेरा बोलतोय. लग्नात गळ्यात घालून मिरवतात तो नव्हे. टेबलावरच्या मोठ्या पडद्याच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यावर, मसुराच्या दाण्याएवढं काळं भिंग असतं ना, तो मी. माझा मुक्काम काकिनाड्याला, शेषगिरी नावाच्या गृहस्थाच्या घरी. या गृहस्थाचा मला सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला. आत्मवृत्तात चांगलं-चुंगलं सांगायची रीत आहे, पण माझ्याकडे सांगण्यासारखं हेच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला तपासणाऱ्या मुलीने भिंगासमोर बोटं हलवली, मी ती जशीच्या तशी पुढे पाठवली आणि तिने माझ्या पाठीवर 'उत्तम' असा शिक्का मारला. सेकंदाला तीस चित्रं टिपायची माझी ताकद. शिवाय माझी नजर रुंद. समोर बसलेला माणूस तर दिसतोच, पण त्याच्या मागची भिंत, दार, दारात उभा राहून कान देणारा, सगळे दिसतात. डोळ्यांत केवढा उत्साह घेऊन मी त्या खोक्यातून बाहेर आलो होतो!

शेषगिरीने मला बाहेर काढलं, पडदा टेबलावर उभा केला आणि पहिलं काम काय केलं असेल? आत जाऊन आरसा गाठला. त्याची बायको कामेश्वरी निजताना कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवायची. त्या रांगेतली एक मखमली, मरून रंगाची टिकली त्याने उचकटली आणि माझ्या डोळ्यावर दाबून बसवली.

"हे असले कॅमेरे लोक लांबून चालू करतात आणि आपल्यावर नजर ठेवतात," तो स्वतःशीच म्हणाला. "मी या धंद्यातला माणूस. मला कोण फसवणार?"

त्याचा धंदा म्हणजे हैदराबादच्या एका कंपनीची मदतवाहिनी. लोकांचे संगणक अडले की ते फोन करतात आणि शेषगिरी घरबसल्या त्यांना उपाय सांगतो. हाताखाली अकरा माणसं. दिवसभर त्याची दोनच वाक्यं माझ्या कानी पडत. "बंद करून परत चालू केलंत का?" आणि सगळं करून जमलं नाही की शेवटचं, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा."

दोन वर्षं मी त्या टिकलीखाली आंधळा होऊन बसलो. बोलाचालीला त्याच्या जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा असायचा. मला कुणी विचारलं नाही. कपाळावर लावायची वस्तू डोळ्यात, तीही उष्टी! दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद वितळून माझ्या भिंगावर पसरला आणि मखमलीचा रंगही त्यात उतरला. मी मनात म्हटलं, शेषगिरी, एक दिवस तुला माझी गरज पडेल.

पडलीच. यंदा दसऱ्याच्या महिनाभर आधी त्याने जुना लॅपटॉप मोडीत काढला आणि नवा आणला. खेळ खेळणारी तरुण पोरं घेतात तसला, जाडजूड, पोटात पंखे घरघरणारा. त्याला कॅमेराच नव्हता.

"एवंडी, याला कॅमेरा कुठाय?" कामेश्वरीने विचारलं. ती नवऱ्याला अशीच हाक मारते.

"अगं कामू, मोठ्या पडद्याला आहे की! दोन-दोन कॅमेरे काय चाटायचेत?" असं म्हणून त्याने ऐटीत ती टिकली उपटली. मखमल निघाली. गोंद आणि तांबडा थर तसाच राहिला. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

आता आमच्या जातीचा एक नियम आहे. उजेड कमी पडला की आम्ही डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. एकेक चित्र टिपायला वेळ लागतो आणि तीसच्या जागी सात-आठच चित्रं जातात. मग माणूस अडखळत हलतो. आवाज पुढे पळतो, ओठ मागून येतात. माझ्या भिंगावर तर भर दुपारी संध्याकाळ होती.

सोमवारी सकाळच्या बैठकीत अकरा जण समोर आणि हा साहेबी थाटात बोलतोय. त्याच्या हाताखालची पद्मजा म्हणाली, "सर, तुमचं वाक्य मघाशीच संपलं, तोंड अजून चालूच आहे."

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, डोळ्यावर गोंद असताना मी आणखी काय करणार? पण आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. जगाचे संगणक दुरुस्त करणारा हा, आणि याचंच तोंड याच्या ताब्यात नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. त्याने माझी तार या खाचेतून त्या खाचेत घातली. नवी तार मागवली. ती लांब निघाली म्हणून दुसरी मागवली. मला यंत्राच्या यादीतून काढून पुन्हा भरती केलं. चित्राचा आकार कमी केला, जोडलेला माऊससुद्धा काढून बघितला, इंटरनेटवाल्याशी भांडला. बंद करून परत चालू तर दिवसातून दहा वेळा. सगळं खुर्चीत बसून. उभं राहून, मान वर करून माझ्या डोळ्यात एकदा बघेल तर शपथ! पण फोनवरून दुरुस्त्या करता-करता वस्तूकडे बघायची त्याची सवयच गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

इथवर माझा सूड झकास चालला होता. पण रविवार आला.

दर रविवारी सकाळी पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, खाऊन झाले की कामेश्वरी तिच्या वडिलांशी बोलते. त्यांचं नाव नूकराजू. अनकापल्लीला त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. बायको गेली, ते एकटेच राहतात. सात वर्षांपूर्वी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. तेव्हा कामेश्वरी वर्षभर माहेरी राहिली, रोज आरसा घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि ओठ वाचायला शिकवलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या ओठांवरून ते ओळखतात, पासपोर्टचा फोटो हवा की लग्नाच्या स्थळाचा. त्या ओठांवरच त्यांचं दुकान चालतं.

आणि त्या रविवारी मी त्यांना लेकीचे ओठ पाठवले ते असे, तांबूस धुक्यातले, तुटक.

"काय म्हणालीस, तल्ली?" ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. मुलीला ते लाडाने तल्ली म्हणतात. "हळू बोल. परत बोल."

ती हळू बोलली तरी घोळ तसाच. शेवटी ते नुसती मान हलवू लागले. समजल्याचं सोंग. मुलीला ते कळलं आणि तिचा चेहरा पडला.

कामेश्वरीच्या फोनच्या काचेला तडा होता, त्यातून तोंड दोन तुकड्यांत दिसे. शेषगिरी आपला फोन कुणाच्या हाती देत नसे. तिने नवऱ्याला सांगितलं, तर त्याने काय करावं? सरळ सासऱ्यांना लेखी निरोप धाडला, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. तुमचे डोळे तपासा."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या! लॅपटॉप याच्या पसंतीचा, टिकली याच्या हाताची, आणि दोष त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा. मला ओरडता येत असतं तर पडदा फुटला असता.

म्हातारबुवा खरंच विशाखापट्टणमला डॉक्टरकडे गेले. चष्म्याचा नंबर बदलून आणला. पुढच्या रविवारी नव्या चष्म्यातून पुन्हा तेच धुकं. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"तल्ली, आता फोन करू नकोस. कान गेले तेव्हा डोळ्यांवर भागवलं. आता डोळेही गेले. दसऱ्याला माझा कॅमेरा शेजारच्या पेंटय्याला देतो आणि दुकानाला कुलूप लावतो. लोकांचे चेहरे बिघडवण्यापेक्षा ते बरं."

कामेश्वरी नको नको म्हणत होती. ते त्यांना दिसलंच नाही, आणि चित्र बंद झालं. ती तिथेच बसून रडली. मला सगळ्यात टोचलं ते हे, की त्यांच्या नजरेत काडीचा दोष नव्हता. सूड मी घेत होतो शेषगिरीवर आणि भोगत होता तिकडे एक फोटोवाला.

नवमी उजाडली. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजेआधी प्रत्येक हत्यार धुवायचं, पुसायचं, मगच त्याला हळद-कुंकू. कामेश्वरीने विळी धुतली, शिलाईयंत्र पुसलं, नवऱ्याच्या मोटरसायकलची चाकं घासली. मग ओलं फडकं पिळून ती माझ्याकडे आली. पडदा पुसला, कडा पुसल्या आणि माझ्यावर तिचं बोट अडकलं.

"इथे चिकट काय आहे?"

तिने खोबरेल आणलं, एक थेंब लावला, नखाने हळूहळू खरवडलं. नखात मरून रंगाची लव आली. ती लव घेऊन ती आरशापाशी गेली, कडेच्या टिकल्यांशी ताडून पाहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी दोन वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ पाहिला. रागाने लाल झाला होता.

"एवंडी! ही माझी टिकली याच्या डोळ्यावर कुणी लावली होती?"

शेषगिरी आंब्याचं तोरण बांधत होता. "ते... ते सुरक्षिततेसाठी. पण त्याचा काय संबंध?"

"काय संबंध? चार आठवडे तारा बदलत बसलात, आणि माझ्या नान्नांना आंधळं ठरवलंत! एकदा पुसून बघायला काय हात झडले होते?"

"भिंग पुसणं गिऱ्हाइकाचं काम असतं, कामू," तो पुटपुटला. असलं उत्तर तोच देऊ जाणे.

तिने त्याला तसंच सोडलं आणि वडिलांना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. वाजला की तिकडे दिवा लुकलुकतो. शेवटी म्हातारबुवा आले. त्यांच्यापुढे पाटावर त्यांचा जुना कॅमेरा होता, त्याला झेंडूची माळ घातलेली. निरोपाची पूजा चालली होती.

मी सारा जीव डोळ्यात आणला. सेकंदाला तीस चित्रं. एकही गाळलं नाही.

"नान्ना, दिसतंय?"

त्यांनी चष्मा चाचपला. मग पुढे वाकले.

"तुझ्या वरच्या ओठाला हळद लागलीय," ते म्हणाले.

कामेश्वरी हसायला लागली आणि हसता-हसता रडायला लागली. "नान्ना, तुमचे डोळे चांगले आहेत. चूक इकडची होती. दुकान बंद करायचं नाही. पेंटय्याला काही द्यायचं नाही."

"नाही देत," ते म्हणाले आणि पदर असावा तसा धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

शेषगिरी मागे, दाराजवळ उभा होता. आपण चित्राच्या बाहेर आहोत अशी त्याची समजूत. जुन्या लॅपटॉपची नजर अरुंद होती, तिथे तो खरोखरच बाहेर असायचा आणि बायकोच्या पाठीमागे काय वाटेल ते पुटपुटायचा. आवाज इतका बारीक की तिलाही ऐकू जाऊ नये. सासरा तर बहिराच.

आजही त्याचे ओठ हलले. मी ते टिपले, स्वच्छ, एकामागून एक, आणि अनकापल्लीला पोचवले.

म्हातारबुवांनी सोगा केव्हाच खाली घेतला होता. बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात ते सावकाश म्हणाले, "'झालं. हे बहिरं आता दर रविवारी पुन्हा डोक्यावर बसणार. कॅमेऱ्याचा डबा पेंटय्याला देऊन टाकला असता तर सुटलो असतो.' बरोबर वाचलं ना, अल्लुडुगारू?"

जावयाला ते मानाने अल्लुडुगारू म्हणतात. तो मान त्यांनी त्या क्षणीही सोडला नाही.

शेषगिरीची पाचावर धारण बसली. कामेश्वरी वळली. नवऱ्याच्या तोंडाकडे बघूनच तिला खरं काय ते कळलं. ती उठली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा. नान्नांची माफी मागा. तोंड उघडून, नीट."

तो बसला. घाम मला पार नाकाच्या शेंड्यापर्यंत दिसत होता. "चूक झाली, मामय्या," तो सासऱ्यांना म्हणाला. "माफ करा."

पलीकडे म्हातारबुवांनी कपाळाला आठ्या घातल्या. नवा चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा चढवला.

"दिसलं नाही," ते म्हणाले. "परत म्हणा."

"चूक झाली! माफ करा!"

"तुमच्या बाजूने काहीतरी अडकतंय, अल्लुडुगारू. परत."

तिसऱ्यांदा तो म्हणाला. डोळे खाली होते.

वाचकहो, मी कुणाकडे काही मागत नाही. फक्त साक्ष देतो. उजेड भरपूर होता, भिंग निर्मळ होतं आणि त्या तिन्ही वेळा मी एकूण एक चित्र पाठवलं होतं. म्हातारबुवांना पहिल्याच वेळी सगळं दिसलं होतं.

"अजून एकदा," ते म्हणाले.