धरमसिंगची हाक

सावळखेड आणि हिरासिंगचा तांडा यांच्यामधून एक नाला जातो, आणि शाळा त्या नाल्याच्या काठाला इतकी लागून आहे की पात्रातच म्हणावी. तिथे बांधायची असं कोणी ठरवलं नव्हतं. सावळखेडचे म्हणाले, तांड्यात नको. तांड्याचे म्हणाले, सावळखेडात नको. उरली ती जागा. दर पावसाळ्यात फळा वाहून जातो आणि दोन्हीकडची पोरं मिळून तो शोधायला जातात. दोन्ही गावांनी मिळून केलेलं तेवढंच काम.

बासष्ट साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, त्यांनी दुसरं काम काढलं. नवी ग्रामपंचायत दोघांची मिळून एक झाली होती. सावळखेडचे रामराव सरपंच आणि तांड्याचे देवसिंग नाईक उपसरपंच. तालुक्याचे साहेब एकोपा बघायला येणार होते, तेव्हा एकोपा दिसायला हवा होता. म्हणून शाळेच्या अंगणात तांड्याच्या धरमसिंगच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. तेवीस वर्षांपूर्वी सावळखेडच्या बाजारात जमावाने ज्याला ठेचून मारलं, तो हा धरमसिंग. दगडावरचं कापड काढायला त्याची मुलगी हंसा आर्णीहून एस.टी.ने आली. ती तिथे मुलींच्या शाळेत शिकवायची. तिची आई सुखीबाई जाऊन दीड महिना झाला होता.

दगडावर काय कोरलंय ते देवसिंगनं पत्रातच कळवलं होतं. ‘“मार, मार” अशी गर्जना करीत चाळीस जणांवर एकटा चालून गेलेला वीर धरमसिंग.’

हंसानं ते वाचलं होतं आणि पत्राची घडी पुन्हा होती तशी घातली होती. सावळखेडनं हा मजकूर कसा चालवून घेतला याचं तिला नवल वाटलं नाही. कोर्टात सावळखेडनं हेच सांगितलं होतं. रामरावांच्या वडिलांचा बैल चोरीला गेला होता, म्हणून माणसं काठ्या घेऊन बाजारात उभी होती. धरमसिंग हातात बैल हाकायची पराणी घेऊन ‘मार, मार’ ओरडत अंगावर आला. आम्ही जीव वाचवला. सगळे सुटले. बैल तिसऱ्या दिवशी तुरीच्या शेतात चरताना सापडला. त्याची साक्ष कोणी काढली नाही. मग तांड्यानं सावळखेडच्या कडब्याच्या गंज्या पेटवल्या, आणि वैर रीतसर सुरू झालं. पोळ्याला यांचे बैल त्यांच्या तोरणाखालून जायचे नाहीत. बाजारही दोन झाले, एकाच वारी, दोन्ही अर्धे रिकामे. वेचणी आली की मात्र वैर खुंटीला टांगायचं, कारण सावळखेडची कपाशी तांड्याच्या बायकांशिवाय कोण वेचणार?

‘मार’ हा शब्द दोघांनाही सोयीचा होता. त्यांना त्यात गुन्हा माफ व्हायचा, यांना त्यात वीर मिळायचा. अडचण एकच होती. तांड्याच्या बोलीत ‘मार’ म्हणजे ‘माझी’.

हंसा सहा वर्षांची होती. बाजारात बापाचं बोट सुटलं होतं आणि ती कासाराच्या बाजेखाली पिपाणी घेऊन बसली होती. तिला हाक ऐकू आली होती. “मार बेटी, मार बेटी.” बाप शोधतोय, शोधू दे, असं वाटून ती हसत गप्प राहिली. तिनं ओ दिली नाही. आईनं त्या रात्री तिला एकच सांगितलं, “तू काही ऐकलं नाहीस.” पुढे सगळा तांडा बापाच्या गर्जनेची गाणी म्हणू लागला, तरी आईनं तोंड उघडलं नाही. खरं सांगितलं असतं तर पोरीपायी बाप गेला म्हणून लोकांनी पोरीला जगू दिलं नसतं. आता आई नव्हती, आणि सांभाळायला ती पोरही राहिली नव्हती.

सकाळी ती रामरावांच्या ओसरीवर गेली. साहेब तिथेच उतरायचे होते. रामराव उठून उभे राहिले आणि तोंडभर हसून तांड्याच्या बोलीत म्हणाले, “आव बेटी, बेस. मार घर तारोज छ.” ये पोरी, बस, माझं घर तुझंच आहे.

“तुम्हाला आमची बोली चांगली येते, काकाजी,” हंसा म्हणाली.

“येनारच. लहानपनापासून तांड्याच्या बायाइनं आमची कपाशी वेचली. धुऱ्यावर बसून त्याइच्याच भाकरी खाल्ल्या म्या.”

हंसानं चहा घेतला. कपबशी चांगली होती, पाहुण्यांची.

दुपारी अंगण भरलं. अलीकडे सावळखेड, पलीकडे तांडा, मध्ये साहेबांची खुर्ची आणि पिवळ्या कापडाखाली दगड. रामरावांनी भाषण केलं. “झालं ते गैरसमजानं झालं. तो मानूस ‘मार, मार’ म्हनत आला. आमच्या लोकाइले त्याइची बोली काय समजते? अडानी लोकं आम्ही.” साहेबांनी मान हलवली. देवसिंगनंही हलवली, वीराची गर्जना वैऱ्याच्या तोंडून ऐकायला बरी वाटत असावी.

मग हंसाला पुढे बोलावलं. तिनं कापडाला हात लावला नाही.

“काकाजी,” ती रामरावांना म्हणाली, “सकाळी ओसरीवर मला काय म्हणालात, ते एकदा सगळ्यांसमोर म्हणा.”

“सकाळी? बस म्हनालो असन. पाहुन्याले आनखी काय म्हनते मानूस?”

“कोणत्या बोलीत?”

रामरावांनी टोपी काढून पाहिली आणि पुन्हा घातली. सावळखेडच्या बाजूनं कोणी तरी खोकलं.

“तुम्ही म्हणालात, मार घर. मी काही घाबरून तुमच्या डोक्यात काठी घातली नाही,” हंसा म्हणाली. आवाज तिनं वर्गात ठेवते तेवढाच ठेवला होता. “माझा बाप मला शोधत होता. ‘मार बेटी’ म्हणत होता. मी बाजेखाली बसून ऐकत होते. पराणी हातात होती, कारण तो बैलांपासून धावत आला होता. तो कोणावरही चालून गेला नाही. हा दगड खोटा आहे.”

आता तांड्यानं तरी उठावं. उठला तो देवसिंग.

“बस कर, हंसा. तेवीस वर्सापासून आमची लेकरं त्याच्या नावानं छाती काढून चालते. तू आमच्या वीराले पोरगी हुडकत फिरनारा करून राह्यली?”

“तो तेच करत होता, नाईककाका.”

“सहा वर्साच्या पोरीले काय समजते?”

“मी तेच म्हनतो,” रामराव लगेच म्हणाले. “लहान लेकरू होतं ते. आनि आता नुकती माय गेली. डोक्स ठिकान्यावर राह्यत नाही मानसाचं.”

“बरोबर हाय तुमचं, रामरावजी.”

तेवीस वर्षांत देवसिंगनं रामरावांना पहिल्यांदा ‘जी’ लावलं. साहेबांना हवा होता तो एकोपा झाला. वहीत तशी नोंदही झाली असेल. कापड तेवढं राहिलं. मुलगी काढीना, आणि रामरावांनी काढावं हे तांड्याला चालेना, देवसिंगनं काढावं हे सावळखेडला. साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं. शेवटी कापड असू द्यावं आणि चहा घ्यावा असं ठरलं, आणि माणसं नाल्याच्या वाटेनं ओसरीकडे निघाली.

अंगणात हंसा आणि दगड राहिले. कापडाचं एक टोक सुटलं होतं. तिनं ते दगडाखाली नीट खोचलं. तो शब्द उघडा पडायला नको होता. मग बाजाराच्या बाजूला तोंड करून, आयुष्यात कधी दिली नव्हती इतक्या मोठ्यानं तिनं ओ दिली.

“ओ, बा. मी इथं आहे.”

वाटेवर पुढे चाललेले दोघे थांबले.

“काय म्हनते?” रामरावांनी विचारलं.

“आपल्यालेच बलावत असन,” देवसिंग म्हणाला. “पस्तावली.”

आणि दोघांनी वळून, एकाच वेळी, मोठ्या मनानं तिला हात केला, की ये, चहा घे.