नळाजवळ कोणी राहत नव्हते

मी भिंतीवरचा एक नकाशा बोलत आहे. दवाखान्यातील क्षयरोगाच्या खोलीत, वजनकाट्याच्या वर, मी एकोणीस वर्षे टांगलेला होतो. माझ्या अंगावर टाचण्यांची चारशेहून अधिक भोके आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही. इतक्या जखमा मिरवण्याचा मान फार थोड्या कागदांना मिळतो.

मला एका निवृत्त आरेखकांनी काढले. त्यांची मुलगी या दवाखान्यात आरोग्यसेविका होती. तिला सारे ताई म्हणत. शहराच्या छापील नकाशात आमची वस्ती म्हणजे नुसती कोरी जागा. तिथे रोगी शोधायचा तरी कसा? म्हणून ते वृद्ध गृहस्थ पावले मोजत गल्लीबोळ हिंडले आणि त्यांनी प्रत्येक घर माझ्यावर उतरवले.

“बाबा, ती पत्र्याची खोपटं कशाला काढता? उद्या उठतील तिथून,” ताई एकदा म्हणाल्या.

“दार आहे ना त्याला? मग ते येणार,” ते म्हणाले. “देवाच्या नजरेतून जे सुटत नाही, ते माझ्या पेनातून का सुटावं?”

रोगी सापडला की त्याच्या घरावर लाल टाचणी. सहा महिन्यांचे औषध पुरे करून तो बरा झाला की त्याच भोकात पांढरी. कोणती टाचणी कोणाची हे मी कधीही कोणाला सांगितले नाही. माणसांना हे जमत नाही, मला जमले.

तिसऱ्या वर्षी सार्वजनिक नळाभोवती सात लाल टाचण्या जमल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिले.

“ताई, सगळा घोळ इथं आहे. बायका रांगेत उभ्या राहतात आणि एकमेकींच्या तोंडावर खोकतात.”

लगेच नळावर पाटी लागली : ‘येथे खोकू नये.’ पाटी वाचून रांगेतील एक म्हातारी म्हणाली, “मग खोकायला कुठं जायचं, साहेबांच्या घरी?” आणि साऱ्याजणींच्या हसण्यात तिची बादली भरून वाहिली.

चूक नीट पाहा. आरेखकांनी नळाच्या चहूकडे मोकळी जागा दाखवली होती. एक ओटा आणि एक गटार; दुसरे काही नाही. मी खोटे बोलत नव्हतो. मला खोटे सांगितले गेले होते, आणि टाचणी लावणाऱ्यांनी माझ्याकडे पाहण्याआधी माझ्यावर बोट ठेवले होते.

सत्य उघड झाले ते एका बाईमुळे. सदऱ्यांना बटणे लावण्याचे काम करणारी म्हणून तिला बटणवाली म्हणत. दोन महिने औषध घेऊन ती एकाएकी यायची थांबली. आठ दिवस झाले. घरी चार वर्षांची मुलगी, खोली एकच. औषध अर्धवट सोडले तर आई पुन्हा खंगणार आणि रोग मुलीपर्यंत पोचणार, हे ताईंना दिसत होते. पत्ता होता : ‘नळाजवळ.’ ताईंनी माझ्यावर बोट फिरवले. बोट ओट्यावर थांबले.

“बाबांनी इथं घर काढलेलं नाही,” त्या पुटपुटल्या. “म्हणजे इथं घर नाहीच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गणवेश न घालता, रिकामी कळशी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढचे मी त्यांच्याच तोंडून ऐकले.

बटणवाली दिसताच ताईंनी तिला बाजूला घेतले. “अगं, आठ दिवस कुठं होतीस?”

“दवाखाना उघडतो तेव्हा मी कामावर, ताई. अन् बरं वाटत होतं मला.”

“पत्ता तरी खरा द्यायचास.”

“खरा दिला असता तर खोली राहिली असती का? मागं एकीच्या घरी तुमचा गणवेश आला. दुसऱ्या दिवशी घरमालकानं तिची भांडी रस्त्यावर टाकली. आम्ही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं, नळ सांगायचा. नळाला कोण हाकलणार?”

‘सगळ्यांनी’ या शब्दाशी ताई थबकल्या. “सगळ्या म्हणजे कोण?”

“आमच्या कारखान्यातल्या.”

सातही जणी एकाच शिलाईच्या कारखान्यात बसत होत्या. तीस जणी, एक दालन, तीन खिडक्या. वाऱ्याने अस्तराचे कापड उडते म्हणून तिन्ही खिडक्यांना खिळे ठोकलेले. नळ उघड्यावर होता. रोग बंद हवेत बसला होता.

डॉक्टर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. “आपण पाटी रंगवत बसलो, ताई,” ते म्हणाले. चूक कबूल करणारा माणूस मला मोठा वाटतो. असे मी फार पाहिले नाहीत.

कारखान्याचा मालक तावातावाने आला. “खिडक्या उघडतो. पण ती बटणवाली मला नको.”

“तिची थुंकी काल पुन्हा तपासली. जंतू नाहीत,” ताई म्हणाल्या. “जी औषध घेते तिला कशाला भ्यायचं? ज्याने तपासूनच घेतलं नाही, त्याला भ्या. तुमचा हा खोकला किती दिवसांचा?”

तीस जणींच्या थुंकीच्या डब्या तपासणीला गेल्या, आणि एकतिसावी डबी मालकाची गेली. तिच्यात काय निघाले ते मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की बटणवालीची जागा राहिली आणि खिळे निघाले. ताई रोज सकाळी नळावर गोळ्या देऊ लागल्या. हातात कळशी, कळशीत पुडी. मुलीलाही रोग होऊ नये म्हणून औषध सुरू झाले.

चार महिन्यांनी बटणवाली माझ्यासमोर आली. मुलगी कडेवर होती, आणि दोघींचे वजन वाढलेले होते.

“माझी टाचणी कुठली?” तिने विचारले.

ताईंनी नळावरची दाखवली. तिने ती स्वतः उपटली. मग माझ्यावर गल्ली शोधली, वळण शोधले, आणि तिसऱ्या दारावर पांढरी टाचणी आपल्या हाताने दाबली.

“हे माझं घर,” ती म्हणाली. “लिहा आता.”

पुढे एकेक करून बाकीच्या सहाजणीही आल्या.

आता नकाशा संगणकावर असतो. आरेखक देवाघरी गेले, ताई निवृत्त झाल्या, आणि मी कपाटावर गुंडाळून पडलो आहे. तक्रार नाही, काम झाले. एकच मागणे आहे. मला टाकून देण्यापूर्वी एकदा उलगडा आणि खिडकीसमोर धरा. नळापाशी सात भोकांतून उजेड येईल. तिथे कोणी राहत नव्हते. तुमच्या भयाने त्यांना तिथे राहायला लावले होते.