बुधवारचा मासा

त्याने सुरीचं पातं अंगठ्यावरून हलकेच फिरवून पाहिलं आणि पावावर धरलं. पाव कालचा होता. बेकरीच्या मागच्या दाराशी सकाळी सातच्या आत पोचलं की शिळा पाव अर्ध्या किमतीत मिळतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि शिळाच पाव बारीक, सरळ कापला जातो, हेही. एका पावाच्या अठरा चकत्या. ताज्याच्या बाराच निघाल्या असत्या. बाइंडिंगच्या कारखान्यात एकवीस वर्षं पुस्तकांच्या कडा कापलेला हात होता तो. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला कुलूप लागलं, माणसं पांगली, मशिनं भंगारात गेली. याच्याबरोबर घरी आली ती ही सुरी आणि नाव. गल्लीत त्याला अजून सगळे बाइंडरच म्हणत.

बायको लाँड्रीत होती. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला येत आणि ती वाफेच्या इस्त्रीपाशी आठ तास उभी राही. दर शनिवारी ती घरखर्चाचे पैसे त्याच्या हातावर ठेवी आणि म्हणे, "पुरेल ना?" तो म्हणे, "पुरवू की." पहिले दोन महिने त्याने भात करपवला, मीठ दोनदा घातलं, पैसे गुरुवारीच संपवले. मग मात्र त्याने स्वयंपाकघर असं ताब्यात घेतलं की कारखान्यातलं टेबलही त्याने कधी एवढं नेटकं ठेवलं नव्हतं. तडा गेलेली अंडी दुकानदार वेगळी काढतो, ती. कोबीची बाहेरची पानं लोक टाकून देतात, त्यांचं सूप. बटाट्याची सालं धुऊन, तव्यावर कुरकुरीत करून. पोटाला चिमटा काढायचा, पण तो घरात कुणाला दिसता कामा नये, अशी त्याची तऱ्हा.

भाजीवाली मावशी बाजार उठायच्या वेळी त्याची वाट बघे.

"बाइंडर, तुमच्यासाठी टोमॅटो ठेवलेत. जरा दबलेत, पण माणसांपेक्षा बरे आहेत."

"द्या. दबलेल्यांचं दबलेल्यांना चालतं."

मावशी हसे आणि वर दोन मिरच्या टाकी.

मागच्या थंडीत मुलगी आजारी पडली. नऊ वर्षांची बिट्टी, आधीच काडी. डॉक्टरांनी दूध आणि अंडं रोज द्या म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून त्याने आपल्या वाटचं अंडं बंद केलं. "मला सोसत नाही," असं म्हणाला. बायको समोरच बसली होती. "अहो, तुम्हीपण घ्या की थोडं," एवढं म्हणाली आणि जेवू लागली.

आणि गंमत अशी की पोरीला ते कळत असावं. बुधवारी तिचा शाळेत चित्रकलेचा तास असे, बायकोचा ओव्हरटाइम असे, आणि दोघी मिळून सातला घरी येत. दमलेली बिट्टी दोन घास खाऊन ताटली त्याच्याकडे सरकवी. "पोट भरलं, बाबा. तू खा." पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो पाणी आणायच्या निमित्ताने उठला होता आणि माठापाशी बराच वेळ उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

"नऊ वर्षांची पोर, पण समज बघा केवढी."

"लेकी अशाच असतात," मावशी म्हणाली. "जपा तिला."

त्या बुधवारी पाव कापून झाल्यावर त्याचं लक्ष फळीवर गेलं. बायकोचा चष्मा. चष्म्याशिवाय तिला जवळचं अक्षर दिसत नसे, आणि आज तर सातपर्यंत काम. डोकं दुखून बेजार होईल. चारच्या सुमारास हातातली कामं आटोपून, चष्म्याची डबी खिशात घालून तो लाँड्रीकडे निघाला. पाऊण तासाची चाल. बसचे पैसे त्याने वाचवले.

लाँड्रीच्या फाटकावरचा वॉचमन त्याच्या ओळखीचा नव्हता. तो स्टुलावर बसून बूट पुसत होता.

"बाई? त्या चारलाच गेल्या. बुधवारी लवकर निघतात ना त्या."

"नाही हो, बुधवारी त्यांचा ओव्हरटाइम असतो. इस्त्रीवर असतात त्या."

"इस्त्रीवर?" वॉचमनने मान वर केली. "सुपरवायझर बाईच म्हणताय ना तुम्ही? मोठं कुंकू... नव्हे, मोठा अंबाडा बांधतात, त्या? इस्त्री सोडून सहा-सात महिने झाले त्यांना. आम्हा सगळ्यांना चहा पाजला की त्यांनी तेव्हा. सुपरवायझरला कसला आलाय ओव्हरटाइम! तुम्ही कोण त्यांचे?"

त्याच्या तोंडून निघून गेलं, "शेजारी. चष्मा राहिला होता, तो द्यायला आलो."

"मग मागच्या गल्लीत बघा. काचेचं दार असलेली खानावळ आहे. माय-लेकी बुधवारी तिथेच असतात."

तो गेला. रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांच्यासमोर तळलेला अख्खा मासा होता, बाजूला बटाट्याच्या जाड कापा, लिंबाची फोड. बायको माशातला एकेक काटा अलगद ओढून काढत होती आणि पांढरं मांस बिट्टीच्या ताटलीत ठेवत होती. चष्म्यावाचून तिचं काही अडलेलं दिसत नव्हतं. बिट्टी बोटं चाटत काहीतरी सांगत होती आणि बायको हसत होती. खांदे हलवून, मान मागे टाकून. असं ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची.

पैशांचं त्याला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. त्याला आठवलं ते आपलं "मला सोसत नाही" हे वाक्य, आणि ते ऐकून खाली मान घालून जेवणारी बायको. तेव्हा तिला बढती मिळून महिना झाला असेल. सहा-सात महिने. सव्वीस-सत्तावीस शनिवार. दर शनिवारी तिने त्याला विचारलं होतं, पुरेल ना?

खानावळीच्या काचेवर आतून मोठ्या अक्षरांचा एक कागद चिकटवला होता. स्वयंपाकघरात माणूस पाहिजे. चिराचिरी, धुणं-पुसणं. त्याने तो दोनदा वाचला आणि घरची वाट धरली.

सातला दोघी आल्या. बायकोने पिशवी खुंटीला अडकवली.

"दमले बाई आज. उभं राहून राहून पायांचे तुकडे पडले."

"चष्मा घरीच राहिला तुझा."

"हो ना! दिवसभर नुसती चाचपडत होते."

त्याने डबी तिच्यापुढे ठेवली. बिट्टीने दोन घास खाल्ले, ताटली सरकवली. त्याने ती जवळ ओढून घेतली आणि खाली बघत सगळं खाल्लं.

तीन दिवस तो वाट पाहत होता. ती सांगेल. काहीतरी कारण असेल, तेही सांगेल. गुरुवारी तिने पावसाळी चपलांविषयी सांगितलं, शुक्रवारी लाँड्रीतल्या भांडणाविषयी. शनिवारी तिने पैसे हातावर ठेवले. नोटा नेहमीच्याच, तेवढ्याच.

"पुरेल ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अंबाड्यातली पिन काढत होती.

"पुरवू की," तो म्हणाला.

सोमवारी तो आपली सुरी फडक्यात गुंडाळून खानावळीत गेला. मालकीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत नेलं आणि एक कोबीचा गड्डा पुढे ठेवला. त्याने तो चिरला. मालकीणबाईंनी चिमूटभर कोबी उचलून उजेडात धरला.

"कुठे शिकलात?"

"पुस्तकं कापायचो."

"आमच्याकडे वाचणारे कमी. खाणारे पुष्कळ आहेत. जमेल?"

"जमेल. दहा ते साडेतीन येईन. चारला पोरीला शाळेतून घ्यायचं असतं. बुधवारी मात्र सहापर्यंत थांबतो."

"बुधवारी काय विशेष?"

"बुधवारी ती उशिरा येते."

घरी त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. रात्री ताटं वाढताना शब्द तोंडाशी आले, पण बायको समोर बसून, कालच्याच पावाच्या चकतीचं कौतुक करत होती आणि ते ऐकता ऐकता शब्द मागे गेले.

बुधवारी साडेचारच्या पुढे गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. स्वयंपाकघर आणि बाहेरची टेबलं यांच्या मधे ताटल्या सरकवायची खिडकी होती. तिला निम्मा पडदा होता. पडद्याखालून टेबलांचे पाय दिसत आणि माणसांचे. पाच वाजायच्या आत खिडकीला लागून असलेल्या टेबलाखाली त्याला शाळेचे बूट दिसले. डाव्या बुटाची नाडी त्यानेच सकाळी गाठ मारून लांबवली होती.

"दोन मासे!" बाहेरून आवाज आला. आचाऱ्याचे दोन्ही हात रश्श्यात होते. "अहो, तेवढे कढईत सोडता का? तेल तापलंय."

त्याने मासे पिठात घोळवले, शेपटीला धरून तेलात सोडले. तेल चरचरलं, मग शांत झालं, आणि पडद्यापलीकडचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"आई, एकदा बाबाला आणू या ना इथे."

"आणलं असतं गं. पण बाबा आले की आधी भिंतीवरचे भाव वाचणार. मग एवढ्यात किती बटाटे आले असते, ते सांगणार. वाईट बोलतात असं नाही. पण मग माझ्या घशाखाली काही उतरत नाही. एक दिवस मला नुसतं जेवायचं असतं, बिट्टी. हिशेब न करता."

"पण घरी गेल्यावर मला परत जेवायला लागतं. माझं पोट फुटेल आज."

"मग म्हण की नेहमीसारखं. पोट भरलं, तू खा. त्यांना बरं वाटतं."

कढईतल्या तेलाचा एक थेंब उडून त्याच्या हाताच्या पाठीवर पडला. हात मागे घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"अहो, करपतोय! उलटा, उलटा!" आचारी ओरडला.

त्याने मासे उलटले. एकाची बाजू काळपट झाली होती. दोन्ही मासे त्याने ताटल्यांत काढले, करपलेली बाजू खाली केली, लिंबाच्या फोडी ठेवल्या आणि ताटल्या खिडकीतून पुढे सरकवल्या. पलीकडून एक ओळखीचा हात आला, बांगडीचा आवाज झाला आणि ताटल्या गेल्या. त्या हाताला आणि त्याच्या हाताला मधे वीतभर अंतर होतं.

"आज मस्त झालाय," बिट्टी म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

त्याला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. पडदा बाजूला सारून आपण बाहेर जाऊ, काहीतरी बोलू. लोक बघतील तर बघोत. केसाने गळा कापला म्हणतात तो असा, हे तिच्या तोंडावर सांगू. पण त्याचे पाय जागचे हलले नाहीत. त्याला सारखा माठापाशी उभा राहिलेला तो स्वतःच दिसत होता, पाठमोरा, पाणी भरायचं नाटक करणारा. आणि त्याच्या पाठीमागे टेबलावर बसलेल्या दोघी.

सहाला मालकीणबाईंनी त्याला दोन दिवसांचे पैसे दिले. "बुधवारी देऊन टाकते सगळ्यांचे," त्या म्हणाल्या. "शिवाय मासा उरलाय एक. न्यायचाय घरी?"

"नको," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणाला भूक नसते बुधवारी."

मागच्या दाराने निघून तो झपाझपा चालत घरी आला. हात साबणाने दोनदा धुतले. सूप गरम केलं, पाव कापला, तीन ताटल्या मांडल्या. नोटांची घडी पँटच्या आतल्या खिशात होती आणि चालताना मांडीला लागत होती.

सातला दार वाजलं.

"दमले बाई," म्हणत बायको आत आली आणि उंबऱ्यापाशीच थबकली. तिने नाक वर केलं. "तळणाचा वास येतोय का हो? माशासारखा?"

त्याने पातेल्यावरचं झाकण काढलं. बोलायचं तर ही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

"तुला येतोय?" त्याने विचारलं.

बायकोने झटकन आपल्या पदराचं टोक नाकाशी नेलं. तिचा चेहरा उतरला. "माझ्याच कपड्यांना असेल," ती घाईघाईने म्हणाली. "आज लाँड्रीच्या कँटीनमध्ये काहीतरी तळत होते. सगळा वास अंगाला चिकटला बघा. बदलूनच येते." आणि ती आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

"असेल," तो बंद दाराला म्हणाला.

बिट्टी दप्तर ठेवायला त्याच्या बाजूने गेली आणि जाता जाता थांबली. तिने त्याच्या बाहीपाशी तोंड नेलं. हळूच हुंगलं. मग त्याच्या हाताकडे पाहिलं, पाठीवर उठलेल्या ताज्या फोडाकडे. तिथून नजर वर त्याच्या तोंडाकडे आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. तिचे ओठ जरासे उघडले.

आतून कडी निघाली. बायको धुतलेलं पातळ नेसून, ओले हात पुसत बाहेर आली. दोघांना तसं उभं पाहून म्हणाली, "काय झालं गं?"

बिट्टीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"काही नाही," ती म्हणाली, आणि आपल्या ताटलीपुढे जाऊन बसली. हे तिला आता फार छान जमायला लागलं होतं.