शेवटच्या शिंगराचं गाणं

जाम्बाल कवी नादामच्या उन्हाळी जत्रेच्या मांडवात आला, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. नोरजमा बसूनच राहिली.

या माणसाने तरुणपणी खालच्या झऱ्यावर एक कविता केली. पोरं ती शाळेत घोकतात, म्हातारे ऐकून डोळे पुसतात. त्यानंतर जन्मभर त्याने जो वर चढेल त्याचे गोडवे गायले. आधी पक्षाचे, मग व्यापाऱ्यांचे, आता खाणवाल्या दावासुरेनचे. नोरजमाला त्याची किळस यायची.

दावासुरेनला खाणीसाठी तोच झरा हवा होता आणि नोरजमाच्या मेंढ्या त्याच पाण्यावर जगत होत्या. शर्यतीनंतर सभेत हात वर करून निर्णय व्हायचा होता. जाम्बाल हो म्हणाला की सगळा तालुका हो म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"गुरुजी, झऱ्याचं काय?" तिने सकाळीच विचारलं होतं.

"अगं, माझ्या कवितेत तो अमर आहे की!"

"मग मेंढ्यांना कविता पाजू का?"

तो हसला आणि दावासुरेनच्या मटणावर ताव मारू लागला.

दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत सुटली. दावासुरेनचं शिंगरू दाणे खाऊन अंगाने सुटलेलं, ते सगळ्यांत शेवटी आलं. जाम्बालने मात्र त्याच्या विजयाचं काव्य आधीच लिहून आणलं होतं. या निर्लज्जाने ते तस्संच वाचलं! "वादळाला मागे टाकणाऱ्या वीरा..." शेजारी तो वीर धापा टाकत होता. लोकांनी माना खाली घातल्या.

शेवटच्या शिंगराची गाऊन समजूत काढायची आणि त्याच्या पाठीवर दूध ओतायचं, ही इथली रीत. दरवर्षी ते काम नोरजमाचं, कारण तिचा आवाज टेकडीपलीकडे पोचतो. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा घेऊन ती उठली, शिंगराला वळसा घालून थेट जाम्बालपुढे उभी राहिली आणि तिने सूर लावला.

"मागे पडलास शिंगरा, दोष तुझा नाही,
धन्याने चारलं फार, पाय उचलत नाही,
ज्या झऱ्यावर वाढलास, त्याची वाट चुकलास,
पुढच्या वर्षी तरी पुढे ये रे!"

मग रीतीप्रमाणे तिने दूध जाम्बालच्या पाठीवर, रेशमी डगल्यावर ओतलं.

"म्हातारे, डोकं फिरलं का तुझं?" दावासुरेन ओरडला.

"शेवटी आला त्याच्यासाठीच गायले ना?"

"बघा रे, शेपूट हलवतोय का!" मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खा मांडव हसून लोळला.

सभेत जाम्बालने झरा देऊन टाका म्हणायला तोंड उघडलं, तोच कुणीतरी खिंकाळलं. एकही हात वर गेला नाही.

निघताना तो नोरजमापाशी थांबला. तिला वाटलं, माफी मागेल, निदान शिवी तरी हासडेल.

"गाणं झकास होतं गं," तो म्हणाला. "माझ्या नव्या संग्रहात घेऊ का?"

"घ्या की," नोरजमा म्हणाली. "शिंगराच्या जागी तेवढं तुमचं नाव घाला." आणि ती मेंढ्या घेऊन झऱ्याकडे निघाली.