अंबुबाईचा एक धड फोटो

अंबुबाईला बदामी बघायची नव्हती, हंपी बघायची नव्हती आणि विजापूरचे महाल तर मुळीच बघायचे नव्हते. तिला एक फोटो पाहिजे होता. स्वतःचा, एकटीचा, धड फोटो. तेवढ्यासाठी ती लेकाच्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे आखडून पुण्याजवळच्या मोशीपासून कर्नाटकापर्यंत जायला तयार झाली होती.

आता म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात फोटोला काय तोटा? तर त्याचं मूळ सोपानरावांच्या फ्लेक्समध्ये होतं. सोपानराव म्हणजे अंबुबाईचे मालक. दोन वर्षांमागं गेले. मोशीत माणूस गेला की दहाव्याच्या आत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतोच लागतो. नाही लावला तर भावकी तोंडावर विचारते. फ्लेक्सला फोटो हवा आणि घरात सोपानरावांचा फोटो सापडेना. एक होता कुणाच्या तरी लग्नातला, पण त्यात खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा हात. शेवटी आधार कार्डावरचा घेतला. तो मोठा करून चौकात लावला, तर बाई गं! उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरचं गवतसुद्धा न कापलेला माणूस पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसत होता. लोक हात जोडायचे आणि नजर चुकवायचे. नवरा गेल्याचं दुःख एकीकडं आणि त्या फोटोचा संताप एकीकडं. खोटं कशाला बोला, संताप जास्त दिवस टिकला.

सुतक फिटल्यावर तिनं पेटीतून स्वतःचं आधार कार्ड काढून बघितलं. ते सोपानरावांच्यापेक्षा वाईट होतं.

मग एक दिवस जेवताना तिनं लेकापाशी विषय काढला. "रणजीत, माजा एक चांगला फोटो काढून ठिव बाबा. मी जायच्या आधी."

"आई, भरल्या ताटावर अभद्र बोलू नकोस." रणजीतनं घास तसाच हातात धरून दटावलं, आणि विषय संपला.

रणजीत तसा गुणी पोर. वडिलांच्या जमिनीवर इमारती उठल्या, त्या पैशातून त्यानं बसगाड्या घेतल्या आणि चाकणच्या कंपन्यांना कामगारांची ने-आण करायला लावल्या. पहाटेची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, ड्रायव्हर आला नाही, टायर बसला. वर्षभर डोक्याला उसंत म्हणून नाही. दिवाळीत कंपन्या बंद आणि बसगाड्या उभ्या, तेवढेच काय ते दिवस त्याचे. मागल्या वर्षी त्यानं मोठा कॅमेरा घेतला आणि त्याला जुन्या देवळांचं वेड लागलं. वेड म्हणजे वेडच. बायको तनुजा एका शाळेत शिक्षिका, तिला निदान इतिहासाची आवड तरी होती. अंबुबाईनं फक्त तो कॅमेरा बघितला आणि मनाशी ठरवलं की आता आपलं काम होणार. तिनं पिशवीत जांभळं इरकली लुगडं नीट घडी घालून ठेवलं आणि निघाली.

पण रणजीतच्या वेडाची एक गोम होती. त्याला फोटोत माणूस चालायचा नाही.

विजापूरला गगन महालासमोर अंबुबाई लुगड्याचा पदर सारखा करून उभी राहिली, तर हा म्हणाला, "आई, बाजूला हो ना जरा. कमान पूर्ण येऊ दे." बदामीच्या लेण्यांत ती खांबाला टेकली, तर म्हणाला, "आई, खांब मोकळा सोड." तळ्याकाठच्या देवळापाशी तर एक शाळेची सहल आली होती. ती सगळी पोरं जाईपर्यंत हा गडी उन्हात कॅमेरा धरून उभा, आणि पोरं गेली तेव्हा चौकटीत उरली फक्त अंबुबाई. "आई!" तो ओरडला. ती मुकाट्यानं झाडाखाली जाऊन बसली.

"दगूड काय पळून चाललाय व्हय?" ती सुनेला म्हणाली. "हजार वर्सं हितंच हाय त्यो. मी असन का हजार वर्सं?"

तनुजा हसली. "आई, या, आपण सेल्फी काढू."

तनुजानं सेल्फी काढले, नाही असं नाही. पण सेल्फीत तनुजाचा चेहरा अख्खा आणि सासूचा एक कान. कान फ्लेक्सवर लावून काय उपयोग?

पट्टदकलला मात्र नशीब उघडलं. ऊन कलायला आलं होतं आणि तांबड्या दगडाचं ते मोठं देऊळ असं काही उजळलं होतं की अंबुबाईलासुद्धा कबूल करावं लागलं, पोरगा उगाच नाही वेडा झाला. तिचे पाय दुखत होते म्हणून ती पायरीवर बसली होती. जांभळं इरकली, डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदण. रणजीत समोर कॅमेरा लावून घाईघाईनं काहीतरी फिरवत होता. ती उठायला लागली.

"बस, बस, आई. उठू नकोस. ऊन चाललंय," तो म्हणाला. "तू असलीस तरी चालेल."

अंबुबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं. तोंड मिटावं की थोडं हसावं हे तिनं घरी आरशासमोर आधीच ठरवून ठेवलं होतं. थोडं हसायचं ठरलं होतं, ती थोडं हसली. कॅमेरा दोन-तीनदा वाजला. झालं काम!

त्यानंतर हंपीला तिनं कुणाला काही त्रास दिला नाही. दगडी रथाजवळ आपणहून लांब उभी राहिली, कमल महालापाशी तर गाडीतून उतरलीच नाही. तनुजानं दोनदा विचारलं, "आई, बरं नाही का?" ती म्हणाली, "लई झ्याक हाय. माजं समदं बगून झालं."

घरी आल्यावर दोन दिवसांनी रणजीतनं फोटो टीव्हीवर लावले. बघायला शेजारून चुलतदीर उद्धवराव आले, जाऊ सुभद्राबाई आली. महाल झाले, लेणी झाली, आणि मग पट्टदकलचं ते तांबडं देऊळ आलं. सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. रणजीत म्हणाला, "हा बेस्ट आहे. हा मोठा करून हॉलमध्ये लावणार. चौकातल्या ज्ञानेशला पाठवलापण छापायला."

अंबुबाई उठून टीव्हीजवळ गेली. पायऱ्या होत्या. तिसरी पायरी होती, ती जिथं बसली होती तीच. वर स्वच्छ ऊन पडलेला दगड.

"मी कुटं हाय रं ह्यात?"

"तुला काढून टाकलं ना." रणजीत मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. "मोबाइलमध्ये आता सोय आलीय. माणसावर बोट फिरवलं की माणूस गायब, मागचा दगड आपोआप भरून येतो. बघ, पत्तासुद्धा लागत नाही."

"आन् आदीचा?"

"आधीचा कशाला ठेवू? जागा भरते."

अंबुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत ती आजवर लेकाला कधी टाकून बोलली नव्हती, पण आज तोंड उघडलंच. "मला फोटो पायजे व्हता, रणजीत. मेल्यावर चौकात लावाया. तुज्या बापाचं ध्यान लावलंत तसं माजं नगं."

"झालं परत सुरू!" रणजीत हसला. "शंभर वर्षं जगशील तू. उद्धवकाका, हे बघा, हा हंपीचा रथ."

ती आत जाऊन बसली. तिला रडू आलं नाही, नुसता राग आला. इतकं देऊळ, इतके खांब, त्यावरचे हत्ती-घोडे, एकूण एक राहिले आणि आपण तेवढ्या एका बोटानं गेलो, हे काही तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जांभळं इरकली नेसलं आणि चालत चौकात ज्ञानेशच्या दुकानात गेली. वाढदिवस, निवडी, बारसं, दहावं. मोशीतले सगळे फ्लेक्स ज्ञानेशच करतो. सोपानरावांचा त्यानंच केला होता, आणि तेव्हा फोटो बघून त्याचंही तोंड पडलं होतं.

"माजा फोटो काढ आन् फ्लेक्स कर," ती म्हणाली.

ज्ञानेशनं तिला स्टुलावर बसवलं. चांगले पाच-सहा फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर दाखवले. त्यातला एक अंबुबाईला पसंत पडला. मागं काय टाकू म्हणून विचारताना ज्ञानेशनं रणजीतचं देऊळ उघडलं. "काकू, हे रणजीतदादानं छापायला दिलंय. चालेल?"

"चाललं. मला त्या तिसऱ्या पायरीवर बशीव."

त्यानं बसवलं. ऊन-सावलीसुद्धा जुळवली. अंबुबाई कितीतरी वेळ बघत राहिली.

"काय लिहू, काकू? वाढदिवस आहे?"

"वाडदिवस कुणाला ठावं बाबा. नाव लिव्ह."

"आणि खाली?"

"खाली गाव लिव्ह. दुसरं काय नगं. मी हाय, तेवडं दिसलं म्हंजे झालं."

ज्ञानेशनं कॉम्प्युटरवरून मान वळवून तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून गप्प बसला. तिथंच चुकलं. फ्लेक्सवर म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो, खाली नाव आणि गाव, ना शुभेच्छा ना शुभेच्छुक. याचा मोशीत अर्थ एकच.

सकाळी रणजीत पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या बघायला चाकणला गेला, तनुजा शाळेत गेली, आणि मग ज्ञानेशनं येऊन फ्लेक्स बंगल्याच्या गेटला बांधला. अंबुबाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून आली. लांबूनही चेहरा ओळखू येत होता. ती समाधानानं मागच्या अंगणात मेथी निवडायला बसली.

तासाभरात पुढच्या दारी हंबरडा ऐकू आला. "अक्का गं! न सांगता कशी गं गेलीस!" अंबुबाई मेथीची जुडी हातात घेऊनच पुढं आली. दारात सुभद्राबाई ऊर बडवत होती. समोर अंबुबाईला बघून तिचा आवाज तिथल्या तिथं बंद झाला आणि ती मटकन खाली बसली.

"कोण गेलं गं?" अंबुबाईनं विचारलं.

"तू!" सुभद्राबाई म्हणाली.

तोवर गेटपाशी भावकीची दहा-पंधरा माणसं जमली होती. बाप्ये टोप्या हातात घेऊन उभे होते. अंबुबाई सगळ्यांना ओरडून सांगत होती, "अवो, मी जित्ती हाय, आत या, च्या घ्या!" आणि लोकांना हसावं की रडावं कळत नव्हतं. उद्धवराव मात्र कपाळाला हात लावून उभे राहिले. "वैनी, घोटाळा झाला. म्या फ्लेक्स बगितला आन् रणजीतला फोन केला. म्हनलं, आमाला सांगितलं बी न्हाई, आई कवा गेली? त्यो काय बोललाच न्हाई. फोन तसाच कट झाला. आता लावतोय तर लागंना."

पोरगं गाडी चालवत येणार, त्या नाशिक रस्त्यावर, कंटेनरच्या गर्दीत. अंबुबाईनं घरात जाऊन आपला मोबाइल बघितला. तो चार्जिंगला लावलेला, आणि त्यावर रणजीतचे फोन येऊन पडलेले. आता ती लावायला गेली तर त्याचा बंद. "देवा, माजं चुकलं," ती पुटपुटली आणि गेटपाशी येऊन रस्त्याकडं डोळे लावून उभी राहिली. फोटो, फ्लेक्स, राग, सगळं विसरली.

रणजीतची गाडी आली ती गेटसमोर आडवीच थांबली. तो उतरला, दार उघडंच टाकलं, गर्दीतून वाट काढत आला आणि समोर आई. तो नुसता बघत राहिला. मग पुढं येऊन तिचे दोन्ही दंड धरले, इतके घट्ट की तिला दुखलं.

"आई."

"जित्ती हाय रं. घोटाळा झाला. गप, गप."

पण तो गप होईना. चाळिशी गाठलेला बाप्या माणूस भावकीसमोर पोरासारखा रडत होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. "भावकीच्या ग्रुपवर सगळे फोटो मागत होते," तो म्हणाला. "आईचा फोटो टाक म्हणून. चिंबळी फाट्याला जाम लागला होता. गाडीतच मोबाइल काढून शोधत बसलो. बॅटरी संपेपर्यंत शोधला, आई. देवळं निघाली, खांब निघाले, हत्ती निघाले. तुझा एक नाही निघाला. एकपण नाही."

अंबुबाईनं त्याला सुनावायचं म्हणून परवापासून मनात कितीतरी साठवलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला बोलवेना. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आता हाय ना गेटावर," ती म्हणाली. "उतरव त्यो, आन् कपाटात नीट ठिव. पुडं-मागं शोधाया लागायचा न्हाई तुला."

रणजीतनं मान हलवली. तो स्वतः गेटवर चढला, चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या एकेक करून सोडल्या, आणि आईच्या चेहऱ्याला कुठं चुणी पडू न देता फ्लेक्स गुंडाळून घरात घेऊन गेला.